पिकअपचा हंगाम

परवा वैरागहून येताना वडाळ्याच्या अलीकडे गाडीची काच खाली केली आणि आगटीचा वास आत आला. गोवऱ्यांचा धूर, त्यात भाजत असलेली ज्वारीची कोवळी कणसं आणि पलीकडच्या शेतातून पुरुषांचं मोठमोठ्यानं हसणं. या वासानं म्हणे सोलापूरच्या माणसाचं मन भरून येतं. माझं येत नाही. मला राग येतो. मी काच वर केली.

हुरड्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माहेरचे लोक मला वाळीत टाकतील. गूळभेंडीचा गरम हुरडा, बरोबर शेंगाचटणी आणि गुळाचा खडा, याला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. राग आहे तो हुरड्याभोवती जमणाऱ्या पुरुषमंडळींवर. कणसं चोळून चोळून बायकांचे तळहात लाल होतात आणि ही मंडळी आगटीच्या उबेला मांडी घालून गाड्यांच्या गप्पा मारतात. कुणाची किती पळते, कुणाची कशी उचलते. त्या गप्पांतला एक शब्द कानावर पडला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पिकअप.

हा पिकअप मी दरवर्षी अकरावीला शिकवते. पुस्तकात त्याला त्वरण म्हणतात. किती वेळात वेग किती वाढला, एवढाच त्याचा साधा अर्थ. फळ्यावर लिहिला की तो निरुपद्रवी दिसतो. आमच्याकडच्या पुरुषांच्या तोंडी गेला की तो माणसाची लायकी ठरवायला लागतो. ज्याच्या गाडीला पिकअप नाही त्याच्याकडे लोक आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात. गाडी कुठं जाते, कुणाला घेऊन जाते, परत येते की नाही, हे कुणी विचारत नाही.

माझी गाडी कुठं जायची ते सांगते. मी वैरागच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि राहते जुळे सोलापुरात. कित्येक वर्षं एसटीनं गेले. सकाळी स्टँडवरची धक्काबुक्की, संध्याकाळी वैरागच्या फाट्यावर ताटकळणं, आलेली गाडी न थांबता निघून गेली की तिच्या मागच्या काचेकडे बघत उभं राहणं. रोज संध्याकाळी सातच्या पुढचं माझं आयुष्य त्या ड्रायव्हरच्या मर्जीवर असायचं. शेवटी रोजचं पेट्रोल परवडत नाही म्हणून दारात उभी असलेली माझी जुनी छोटी गाडी मी विजेवर करून घेतली. इंजिन काढून तिथं मोटर बसवली, डिकीत बॅटरी बसवली. बॅटरी काही मोठी नव्हती. वैरागला जाऊन घरी परत यायचं आणि वर भाजी आणण्यापुरतं उरायचं, एवढीच तिची ताकद. मला तेवढीच पाहिजे होती. पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या वेळेला घरी पोचले त्या संध्याकाळी मी दारात उभी राहून एकटीच हसले होते.

गाडी करून देणाऱ्यानं मोटरीच्या कंट्रोलरमध्ये एक शहाणपण घालून ठेवलं होतं. पेडल कितीही जोरात दाबा, मोटर आपला जोर एकदम न दाखवता हळूहळू वाढवत न्यायची. विजेच्या मोटरीचं हे वैशिष्ट्यच आहे. इंजिनाला आधी जरा घुमावं लागतं, तेव्हा त्याच्या अंगात येतं. मोटर उभ्या जागी पहिल्याच क्षणाला सगळा जोर देते. तो जोर चाकाला झेपला पाहिजे आणि चाकाखालच्या रस्त्यालाही झेपला पाहिजे. म्हणून ती मऊ सुरुवात.

आमच्या यजमानांना हा मऊपणा खुपला. त्यांचं मोटरी वाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटरींपासून विहिरीवरच्या मोटरींपर्यंत जळालेलं सगळं त्यांच्याकडे येतं, त्यामुळे जगातली कुठलीही मोटर आपल्या बापाची आहे असं त्यांना वाटतं. माझी गाडी त्यांनी पहिल्यांदा चालवली ती सात रस्ता चौकापर्यंत. परत आले ते तोंड वाकडं करून.

"ह्यात काय दम न्हाय. सिग्नलला रिक्षावाला फुडं गेला माज्या."

"जाऊ दे की. त्याला घाई असेल," मी म्हणाले.

"आगं, इलेक्ट्रिक म्हणत्यात आन पिकअप न्हाय? लोक हसतील."

लोक म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. दाजी. म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. वैरागच्या पुढं माढ्याच्या रस्त्याला त्यांचं शेत आहे आणि दर हिवाळ्यात हुरडा तिथंच असतो. दाजींकडे एक म्हातारी डिझेल जीप आहे. ती जीप आणि आमचे हे यांचं जुनं वैर. ज्या गाडीत हे बसतात ती दाजींच्या जीपपुढं गेलीच पाहिजे, असा यांचा हट्ट. दाजींना बिचाऱ्यांना या शर्यतीचा पत्ताही नसतो.

तर त्या वर्षी दिवाळी झाली, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, कारखान्यांच्या मळीचा वास वाऱ्यावर येऊ लागला आणि आमच्या घरात गाडीची सुधारणा सुरू झाली. मला कुणी विचारलं नाही. एका रविवारी मी दळण घेऊन आले तर गाडी जागेवर नव्हती. संध्याकाळी परत आली. लॅपटॉप जोडून कंट्रोलरमधली ती मऊ सुरुवात काढून टाकली होती. सोमवारी सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर मी नेहमीसारखा पाय ठेवला आणि पुढची चाकं जागच्या जागी किंचाळली. दूध घेऊन चाललेल्या शेजारीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. चाकाची रस्त्यावर पकड किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. रबर आणि रस्ता यांचं आपसात कसं जमतं ही एक, आणि त्या चाकावर वजन किती ही दुसरी. माझ्या गाडीची मोटर पुढची चाकं फिरवते. गाडी झटक्यानं निघाली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ज्या चाकांनी ओढायचं त्यांचीच पकड सुटते. घसरणारं चाक न घसरणाऱ्या चाकापेक्षा कमी ओढतं. म्हणजे जोर वाढवला आणि गाडी उलट मंदावली. मी हे घरी जेवताना ताटाशेजारी बोटानं रेघा काढून सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता.

"मंजे टायर बारीक पडत्यात," हे म्हणाले. तेवढंच त्यांनी माझ्याकडून घेतलं.

मग रुंद टायर आले. मऊ रबराचे, रस्त्याला चिकटून बसणारे. चाकं किंचाळायची जरा कमी झाली, हे खरं. पण जे रबर रस्ता सोडत नाही ते फिरतानाही रस्ता सोडत नाही. प्रत्येक किलोमीटरला ते बॅटरीकडून जास्त मागायला लागलं. त्यानंतर यांच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रीनं गिअरपेटी उघडली. आतल्या दात्यांचं प्रमाण बदललं, म्हणजे चाकाला ओढ जास्त मिळावी. मिळाली. त्याबरोबर नेहमीच्या वेगाला मोटर आधीपेक्षा कितीतरी जोरात घुमायला लागली आणि गाडीत बसलं की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. गाडी आणून देताना मिस्त्री खुशीत म्हणाला, "मॅडम, अब देखो, हवा में उडेंगी."

"मला वैरागला जायचंय," मी म्हटलं. "हवेत नाही."

"हौ मॅडम, वैराग बी जायेंगी."

गेली. आली मात्र नाही. त्या आठवड्यात परत येताना वडाळ्याच्या पुढं बॅटरीचा काटा तळाला गेला आणि गाडी कडेला घेऊन मी उभी राहिले. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक धडधडत जात होत्या, उसाचं पाचट उडून काचेवर पडत होतं. मी यजमानांना फोन केला. ते आले दुकानातल्या पोऱ्याचा टेंपो घेऊन, आणि दोर बांधता बांधता काय म्हणाले असतील? "बग, पण पिकअप आला का न्हाय?"

त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. संसाराबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण वाटला, तर वाटला म्हणायला काय हरकत आहे? माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती की जी मला कुणाला न विचारता घरी आणत होती, आणि या माणसानं ती चार सेकंदांच्या शेखीसाठी खर्चून टाकली होती. त्यानंतर रोज सकाळी मी बॅटरीच्या काट्याकडे बघायची, मग यांच्याकडे बघायची आणि पर्स उचलून स्टँडचा रस्ता धरायची. गाडी दुकानासमोर उभी असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला हे तिच्यात बसवून चौकापर्यंत नेऊन आणायचे. गिऱ्हाइकं हँडल धरून बसायची आणि परत आल्यावर "लई भारी" म्हणायची.

गाडीत डिफरन्शियल म्हणून एक भाग असतो. दोन्ही चाकांना तो सारखाच जोर वाटून देतो, पण त्यात एक गोम आहे. एक चाक चिखलात घसरत असेल तर ते जेवढा जोर घेऊ शकतं तेवढाच दुसऱ्या, कोरड्यावर उभ्या असलेल्या चाकाला मिळतो. धड चाक नुसतं उभं, आणि घसरणारं गरागरा फिरतंय. हे शिकवताना मुलं दरवर्षी विचारतात, मॅडम, असं का बनवलं? वळणावर उपयोग होतो म्हणून, असं मी सांगते. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यापासून हा धडा शिकवताना माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं, परीक्षेला येणार.

हुरड्याच्या दिवशी आम्ही त्याच गाडीनं गेलो. चालवायला अर्थातच हे. वैरागच्या कॉलेजसमोरून जाताना मी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. शेतावर गेल्यावर नेहमीचं सगळं. वन्संनी पोती अंथरली होती, दाजींनी आगटी पेटवली होती, शेजारपाजारची मंडळी आली होती. ज्वारी छातीएवढी उभी, दाणा दुधावर आलेला, थंडीनं बोटं आखडलेली. सुखाचा दिवस होता तो खरं म्हणजे. मी वन्संच्या शेजारी बसून कणसं चोळत होते. हुरडा खाऊन झाला आणि यांनी हात झटकले.

"दाजी, काडा तुमची जीप. त्या लिंबापस्तोर."

दाजी हसले. "आवो, कशाला? म्हातारी हाय ती."

"काडा तर."

शेतातला रस्ता काळ्या मातीचा. वरून उसाच्या गाड्या गेलेल्या, त्यामुळे पाचटाचा थर बसलेला. आमच्या ह्यांनी एकदा पेडल दाबून बघितलं तर पुढची चाकं पाचटावर नुसती फिरली. जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात उपाय सांगितला. आमच्या भागात जीप फसली, ट्रॉली फसली, की उपाय एकच, चार माणसं मागे चढवायची. मागच्या चाकावर वजन पडतं, चाक माती धरतं आणि गाडी निघते. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय आणि जीपला ते अगदी बरोबर आहे. यांनी लगेच गोठ्यातली गेल्या वर्षीच्या ज्वारीची दोन पोती डिकीत बॅटरीच्या वर टाकायला लावली. वर मागच्या सीटवर तीन धिप्पाड गडी बसवले.

मी उठून गेले. "अहो, या गाडीची पुढची चाकं ओढतात. मागे वजन टाकलं तर पुढचं अजून उचलेल. बसवायचंच तर पुढं बसवा कुणालातरी."

यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू हुरडा चोळ जा. हे काय कॉलेज न्हाय."

माणसं हसली. दाजी हसले नाहीत, ते जीपकडे निघाले. मी परत जाऊन पोत्यावर बसले. माझे कान तापले होते. वन्संनी माझ्या हातात गरम कणसं दिली आणि खाली मान घालून म्हणाल्या, "जाऊ द्या वैनी. त्येला लहानपणापासून असंच हाय." लहानपणापासून असंच असलेल्या माणसाला पन्नाशीपर्यंत कुणीच काही सांगितलं नाही, याचाही मला राग आला.

कुणीतरी शिट्टी वाजवली. म्हातारी जीप खोकली, हलली आणि आपल्या चालीनं लिंबाकडे निघाली. आमची गाडी मागे बसली. खरंच बसली, नाक वर, शेपूट खाली. पुढची चाकं वेड्यासारखी फिरायला लागली, पाचट उडालं, मग माती उडाली, मग रबराचा जळका वास आला. यांनी पेडल आणखी दाबलं. चाकांनी आपल्यापुरते दोन खड्डे खणले आणि गाडी त्यात उतरली. दाजी लिंबापाशी पोचून, जीप वळवून परत आले तेव्हा हे अजून तिथंच होते.

"हितला रस्ताच बोगस हाय," हे उतरून म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

एवढ्यावर संपलं असतं तर मीही ते हसण्यावारी नेलं असतं. पण हरलेला माणूस मोठं काहीतरी बोलतो. मातीनं भरलेले हात पुसत यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गाडी आता इथंच ठेवायची. मिस्त्रीला इथं बोलवायचा, मागच्या चाकांना दुसरी मोटर बसवायची, चारी चाकं ओढायला लागली की मग दाखवतो. "मंजे ह्या हंगामात न्हाय, पण फुडच्या हुरड्याला जीप कुटं राहील बगा."

पुढच्या हुरड्याला. म्हणजे वर्षभर. वर्षभर मी स्टँडवर उभी राहणार होते आणि माझी गाडी माढ्याच्या रस्त्याला एका गोठ्याशेजारी जीपला हरवायची तयारी करणार होती.

मी चोळलेला हुरडा वन्संच्या पदरात टाकला आणि उठले. गाडीचा मागचा दरवाजा उघडून म्हटलं, "उतरा." त्या गड्यांनी यांच्याकडे बघितलं. "त्यांच्याकडे काय बघताय? गाडी माझी आहे. उतरा." ते उतरले. पोती मी स्वतः ओढून खाली पाडली, एक फुटलं आणि ज्वारी सांडली, सांडू दे. पुढच्या चाकांखालचं पाचट बाजूला सारून चार चपटे दगड सरकवले. किल्ली गाडीलाच होती. बसले आणि पेडलवर पाय असा ठेवला की जसा झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवतो. चाकं जागच्या जागी गरगरली नाहीत, पुढं सरकली. गाडी खड्ड्यातून हळूच वर आली.

"आगं, कुटं चाललीस?" हे ओरडले.

"घरी."

रुंद टायर मी दुसऱ्याच दिवशी काढायला लावले, जुने दाते परत बसवले, मऊ सुरुवात परत घातली, ते सांगायचं राहून जाईल म्हणून इथंच सांगते. मिस्त्रीनं विचारलं, साहेबांना विचारलंय का? मी म्हटलं, नाही.

पण त्या संध्याकाळी मात्र सगळी सुधारणा अजून अंगावर होती आणि बॅटरीत अर्ध्यापेक्षा कमी जीव उरला होता. वैराग सोडलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग निम्मा केला तर अडथळा चौथाईवर येतो. हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते मला पोटातून कळलं. मी हळू केली. अजून हळू केली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, बाहेर आलेले ऊस दोन्हीकडे डुलत होते. त्याच्यामागे लागले आणि तिथंच राहिले. मोटर शांत झाली. काटा खाली यायचा जवळजवळ थांबला.

थोड्या वेळानं आरशात जीप दिसली. एक दिवा पांढरा, एक पिवळा, दाजींची. शेजारी हे. सकाळी दुकान उघडायचं होतं, म्हणून दाजी त्यांना सोडायला निघाले होते. दाजी दिवस मावळताना उसाच्या ट्रॉलीला कधी ओव्हरटेक करत नाहीत. त्या रस्त्यावर त्यांनी काय काय पाहिलंय ते त्यांनाच माहीत. ते निमूट माझ्यामागे राहिले.

डॅशबोर्डवरचा फोन वाजला.

"आगं, जरा हाण की! थंडी वाजाय लागलीय. जीपला काचा न्हाईत."

"पुढं ट्रॉली आहे."

"मग तिला मार की ओव्हरटेक! येवडा पिकअप दिलाय तुला!"

मी फोन बंद केला. काच थोडी खाली केली. उसाचा, धुळीचा, डिझेलचा वास आला आणि मला फार बरं वाटलं. तसाच, त्याच चालीनं सगळा रस्ता गेला. ट्रॅक्टरच्या मागे मी आणि माझ्या मागे ते.

दारात पोचले तेव्हा काटा तळाला टेकला होता, पण गाडी चालत होती. मी अंगणात तिला चार्जिंगला लावली. जीप फाटकापाशी थांबली, हे उतरले. गारठ्यानं नाक लाल झालं होतं, गुडघे सरळ होत नव्हते. दाजी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले.

"ह्याला काय गाडी चालवणं म्हणत्यात व्हय?" हे म्हणाले आणि सवयीनं हात पुढे केला. "आण किल्ली."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"कुठं जायचंय सांगा. सोडते."

ते तसेच हात पुढे करून उभे राहिले. त्यांना कुठंच जायचं नव्हतं.